जवसाचं तेल आणि रेतीचा पाइप

शिवडीच्या आमच्या कारखान्यात एक नियम होता. नवा पाइप ज्यानं पसंत करून आणला, त्यानंच पहिल्या दिवशी त्याचं तोंड धरायचं. हा नियम कागदावर कुठं लिहिलेला नव्हता, मालकानंही केलेला नव्हता. तो आमच्या सगळ्यात जुन्या कारागिरानं, नानांनी केला होता, आणि नानांनी केलेला नियम मालकसुद्धा मोडत नसे. माझ्या आधी कधीतरी खरेदीच्या माणसानं दुकानात बसून, चहा पिऊन, दुकानदार देईल तो पाइप उचलून आणला होता. तो तिसऱ्या दिवशी फुटला आणि एका माणसाचा दंड कोपरापर्यंत सोलवटून निघाला. त्या दिवशी नाना म्हणाले, म्हणे, की यापुढं पाइप आणणाऱ्यानं आधी स्वतः धरायचा, मग आम्ही धरू.

आमचं काम म्हणजे रेती मारणं. सँडब्लास्टिंग हा शब्द मला फार पुढं कळला. एका उभ्या लोखंडी भांड्यात चाळलेली, सुकवलेली रेती भरायची, कॉम्प्रेसरची हवा सोडायची, आणि ती रेती पन्नास फूट रबरी पाइपातून धावत जाऊन टोकाच्या नोझलमधून अशी सुटायची की माल वाहणाऱ्या बार्जच्या पत्र्यावरचा कित्येक वर्षांचा गंज क्षणात उडून खालचं लोखंड चांदीसारखं उघडं पडे. जी रेती लोखंड खाते ती आधी पाइपातून जाते, एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की बाकीचं सगळं कळतं. पाइप आतून झिजतो. बाहेरून तो शेवटच्या दिवसापर्यंत जसाच्या तसा दिसतो. माणूस आजारी असून कुणाला सांगत नाही, तसा. म्हणून पाइप निवडणं हे आमच्याकडं मोठ्या माणसाचं काम होतं, आणि ते एके दिवशी माझ्यावर आलं. का आलं, ते सांगायला मला माझा गाढवपणा सांगावा लागेल.

मी यवतमाळकडचा. सातवीत शाळा सुटली. बाप एका पाटलाच्या मळ्यावर मोट हाकायचा. नागपूरला दीक्षेच्या वेळी माझा बाप आणि नाना एकाच मांडवात शेजारी शेजारी झोपले होते; दोन दिवसांची ती ओळख. नाना मूळचे कोकणातले, राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. परत निघताना ते बापाला म्हणाले होते, मुलगा मोठा झाला की पाठव. असं पुष्कळ लोक म्हणतात. पण मी एका पोस्टकार्डावर पत्ता घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा नानांनी कार्ड वाचलंदेखील नाही. आत वळून म्हणाले, "अगो, नागपूरवाल्यांचा आला गो." आणि काकीनं परातीत आणखी एक मूठ पीठ टाकलं. मी त्या एका खोलीत पाच वर्षं राहिलो. आज माझं स्वतःचं घर आहे, पंख्याखाली बसून हे लिहितो आहे, पण 'घर' म्हटलं की पिठाची ती एक मूठच आधी दिसते.

खोली दहा बाय बाराची असेल. कोपऱ्यात मोरी, भिंतीवर फळी, फळीवर पितळेचे डबे आणि शेवटच्या डब्याशेजारी बुद्धाची वीतभर मूर्ती. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की काकी स्टोव्ह पेटवायची. नानांचे डोळे मिटलेलेच असत, पडल्या पडल्या ते स्टोव्हचा आवाज ऐकत आणि म्हणत, "पिन मार, कचरा हाय." काकी चिडायची. "झोपा की गप! स्टोव्ह माझा का तुमचा?" पण पिन मारायची, आणि खरंच फरफर जाऊन ज्योत निळी व्हायची. या माणसाचे कान वेगळे होते. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कधी नुसता कांदा असं आमचं जेवण. माझ्या बोलण्याची दोघांनाही फार मजा वाटे. जेवतोय म्हणायच्या ऐवजी मी "जेवण करून राहिलो" म्हणालो की काकी म्हणे, "जेवून कुठं राह्यलास? इथंच राह्यलास की!" आणि त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राचं वारं असं होतं की चाळीच्या गॅलरीत दुसरा विषयच नसे. काकी मला म्हणायची, "तुमचा तो मुलुख आमच्यात येणार म्हणतायत. तू तर आधीच येऊन बसलायस, बाबा."

नानांचा आणखी एक उद्योग होता. शिवडीच्या कबरस्तानासाठी संगमरवरी दगडांवर नावं कोरायचं काम कारखान्याकडे येई. त्यासाठी नाना लॉरीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा सपाट करून त्यात मोच्याच्या रापीनं अक्षरं कापत. ते काम ते रविवारी गॅलरीत बसून करत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागदावरच्या अक्षराचं वळण तंतोतंत रबरात उतरे. मग तो कापलेला रबर दगडाला चिकटवून त्यावर रेती मारायची. जिथं अक्षराचं भोक, तिथं दगड खोल जाई. कापून पडलेली अक्षरं मी गोळा करायचो. शेजारचा शाळकरी मुलगा ती मला वाचून दाखवी. माझी एबीसीडी अशी मेलेल्या माणसांच्या नावांतून, रबराच्या तुकड्यांवर झाली. ती अक्षरं माझ्या खिशात कायम असत. चिंता वाटली की मी त्यांना बोटानं दाबत बसे. आणि चिंता मला नेहमीच वाटे. हे लोक मला ठेवतायत ते कशासाठी, आपण उपयोगी नाही पडलो तर काय, उद्या परत जा म्हणाले तर बापाला काय सांगायचं, हाच विचार. कारखान्यात माझं काम भांड्यापाशी: रेती भरायची, हवेचा कॉक सांभाळायचा, आणि रेतीपासून तोंड झाकणारा टोप घातलेल्या नानांच्या डाव्या हाताकडं डोळे लावून उभं राहायचं. हात वर गेला की हवा बंद. त्या गोंगाटात हाक मारून उपयोग नसे.

एकदा गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर आईनं घाण्याचं जवसाचं तेल पाठवलं. दोन बाटल्या. एक मी काकीला दिली. कोकणातल्या बाईला जवस काय ठाऊक! तिनं वास घेऊन नाक मुरडलं. मग मी सांगितली तशी चटणी केली, वर तेल घातलं, आणि नानांनी भाकरी संपेपर्यंत मान वर केली नाही. "हे चांगलं हाय," एवढंच बोलले. मला आकाश ठेंगणं झालं. त्या आनंदातच दुसऱ्या बाटलीचं काय करायचं ते माझ्या डोक्यात आलं.

आमच्याकडं मोटेला चामड्याची सोंड असते. विहिरीतून वर आलेलं पाणी त्या सोंडेतून थारोळ्यात पडतं. बाप दर महिन्याला ती सोंड आतून-बाहेरून तेलानं चोळायचा; तेल मिळालेलं चामडं चिरत नाही, वर्षानुवर्षं चालतं. कारखान्यातला पाइप पाहिला की मला मोटेची सोंडच आठवे. तेव्हा कारखान्यातला पाइप तसा बराच नवा होता, नानांनी स्वतः निवडून आणलेला. त्याला मी जपायचं ठरवलं. तीन दिवसांचा बंद पुकारला होता. लालबाग-परळ सगळं थंड राहणार होतं. आदल्या दुपारी सगळे लवकर निघाले. मी मागं राहिलो, दोऱ्याला कापसाचा बोळा बांधून तो थोड्या हवेनं पाइपातून पार केला, मग त्याच दोऱ्यानं तेलात भिजवलेली चिंधी आतून दोनदा ओढली. बाहेरूनही चोळला. बाटली रिकामी झाली. काळाभोर चकचकीत पाइप वेटोळं करून ठेवला आणि घरी गेलो. इतकं समाधान मला मुंबईत आल्यापासून वाटलं नव्हतं.

ते तीन दिवस चाळ गॅलरीत उभी होती. मोर्चे येत, जात. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही आरोळी भोईवाड्याकडून निघून आमच्या गॅलरीखाली येईपर्यंत काकीच्या हातातलं काम थांबलेलं असे. ती घागरीतून पाणी देत खाली उभी राही. नाना मोर्चात जात आणि घसा बसवून परत येत. मीही गेलो. ओरडताना मनात मात्र पाइपाचंच होतं: नानांना कळेल तेव्हा ते काय म्हणतील.

चौथ्या दिवशी काम सुरू झालं. बार्जचा मोठा पत्रा उभा केला होता. नानांनी टोप घातला, नोझल धरलं, मी हवा सोडली. रेती नीट चालली की पाइपाचा एक आवाज असतो; तो मी रोज ऐकत होतो. त्या दिवशी तो तुटक तुटक येत होता, घशात काही अडकल्यासारखा. मला वाटलं, तेलानं मऊ झालाय. नानांचा डावा हात तेवढ्यात झटक्यानं वर गेला. मी कॉक बंद केला. भांड्यापासून हातभर अंतरावर पाइपाला गाठीसारखा फुगा आला होता, आणि मी पाहता पाहता तो उललाच. आत कोंडलेल्या हवेबरोबर रेतीची फेक माझ्या गुडघ्याशेजारून भिंतीच्या पत्र्यावर गेली आणि तिथला हिरवा रंग ताटाएवढा साफ झाला. कॉक उघडा असता तर पाइप उसळला असता आणि त्या पत्र्याच्या जागी माझा पाय असता.

नाना टोप काढून आले. आधी माझा पाय चाचपला, मग पाइप. चाकूनं फुग्याचा तुकडा कापून नाकाशी नेला. आतलं अस्तर चिकट होऊन सुटलं होतं, त्यात रेती रुतून बसली होती. त्यांनी दोनदा वास घेतला. दुसऱ्या कुणाला तो ओळखता आला नसता. पण नानांनी आदल्याच आठवड्यात ती चटणी खाल्ली होती.

"जवस," ते म्हणाले.

"दुसरी बाटली," मी म्हणालो.

"बाहेरून लावलंस?"

"आतूनपण."

"आतून? पन्नास फूट? ते कसं?"

मी बोळ्याचं, दोऱ्याचं सगळं सांगितलं. मोटेच्या सोंडेचं सांगितलं. सांगताना रडू फुटलं. नाना रेतीच्या ढिगावर बसले. मला वाटलं, आता म्हणतील, जा. ते म्हणाले, "बोळ्याची अक्कल चांगली हाय." मग तुकडा रेतीवर ठेवून, "चामडं तेल पितं नि टिकतं. रबर तेल पितं नि फुगतं. तुझ्या बापाचं चुकलं नाय, नि तुझंपण... तुझं चुकलं. विचारायचं होतंस."

तेवढ्यात मालक धावत आले. कुणी बघितलं होतं, कसा फुटला, नवाच होता ना, असं विचारू लागले. नाना म्हणाले, "माझ्या हातात फुटला. माझी पसंती चुकली." त्या माणसाची पसंती कधी चुकली नव्हती, हे शिवडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मालक मागं वळले. मी तोंड उघडणार होतो. नानांनी माझ्याकडं असं पाहिलं की ते मिटलं. मालक गेल्यावर म्हणाले, "उद्या नागदेवीच्या बाजाराला तू जायचंस. पाइप तू आणायचा. नियम ठाऊक हाय ना?"

त्या संध्याकाळी जेवायला बसलो. काकीला सगळं कळलं होतं. ती नानांना म्हणाली, "पोराला एकट्याला कशाला धाडता? तुम्ही जा की बरोबर."

"मी गेलो तर तो माझ्या तोंडाकडं बघंल," नाना म्हणाले. "पाइपाकडं नाय बघणार."

"अहो, मग काय बघायचं ते तरी सांगा त्याला!"

"त्यानं बघितलंय. रोज बघतोय." एवढं बोलून ते हात धुवायला उठले.

सकाळी ट्रामनं पायधुणीला उतरलो आणि नागदेवीच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना पट्टे, साखळ्या, पंप, वेटोळी. एका बोहरी म्हाताऱ्याच्या दुकानात थांबलो. तिथंच नाना जात. सोनेरी काठाची टोपी, दाढी पांढरी. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, "रेतीनो पाइप? तू लेने आया?" म्हणाला आणि एक लालसर वेटोळं पुढं ढकललं. "ये लो. लोहा है, लोहा." खरंच लोखंडासारखा होता. वर चकाकी, कापडाचे भरपूर पदर, नखानं ओरखडा उठत नव्हता. माझ्या बापानं पाहिला असता तर हाच घेतला असता. मीही जवळजवळ घेतला होता. मग उद्या सकाळी त्याचं तोंड आपल्या हातात असेल हे आठवलं. हात सवयीनं खिशात गेला. रबराचं एक अक्षर बोटाला लागलं. मी ते दाबलं. दबलं, आणि सोडल्याबरोबर जागेवर आलं.

तिथं, त्या गर्दीच्या दुकानात, मला डोळ्यांपुढं नानांचा कोरायचा दगड दिसला. रेती संगमरवर खात होती, बोटभर खोल अक्षरं पाडत होती; आणि वर चिकटवलेला तो मऊ, जुना ट्यूबचा तुकडा जसाच्या तसा. काम झालं की नाना तो सोलून घेत, झटकत आणि पुढच्या दगडाच्या काठाला लावत. मी हे किती वेळा पाहिलं होतं! कडक वस्तूवर रेती आपटते आणि टवका घेऊन जाते. मऊ रबर तिला मागं उडवून देतो. नाना 'रोज बघतोय' म्हणाले ते हे होतं, आणि मी आठ महिने त्याच्या शेजारी उभा राहून रेती भरत होतो.

"चाचा, याचं टोक कापून दाखवा," मी म्हणालो. लाल पाइपाचं आतलं अस्तर वहीच्या पुठ्ठ्याएवढं निघालं, आणि कडक. "दुसरा दाखवा." कोपऱ्यातून एक काळा, निस्तेज, अंगानं जड पाइप आला. त्याचं अस्तर बाजरीच्या भाकरीएवढं जाड होतं. मी अंगठ्याच्या नखानं दाबलं, मग खिशातलं अक्षर दाबलं, पुन्हा अस्तर दाबलं. दोन्ही सारखी. गुडघ्याभोवती वाकवून पाहिला. कुठं मोडला नाही. पण गोल निरखून पाहिला तर अस्तर एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ. म्हटलं, जिथं पातळ तिथंच उलणार. "हा नको. असाच दुसरा." म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला, पण दुसरा काढला. त्याची दोन्ही टोकं कापायला लावली. सगळीकडं सारखा.

"नरम है वो," तो मला जोखत म्हणाला. "लोग कडक मांगते."

"नरमच द्या."

तो हसला. "कडक मैं बेचता हूँ, क्यों की लोग मांगते. तेरे को किसने सिखाया?"

कुणी शिकवलं? नुसतं "नानांनी" म्हणालो. त्यानं नाव ऐकल्याबरोबर पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो नाही. चहा पिऊन पाइप आणणाऱ्याची गोष्ट मला ठाऊक होती.

हातगाडीवर पाइप घालून मी शिवडीपर्यंत शेजारून चालत आलो, वेटोळ्यावर हात ठेवून, कुठं मुरगळू नये म्हणून. परळला मोर्चा आडवा आला आणि गाडी थांबली. घोषणा देणारा एक जण वेटोळं बघून ओरडला, "काय रे, पोलिसांवर पाणी मारणार काय?" दुसरा म्हणाला, "चल की, गाडी ठेव बाजूला!" एरवी मी गेलो असतो. त्या दिवशी गाडीला चिकटून उभं राहून तिथूनच आरोळी दिली, पण पाइपावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिपा आवळल्या, रेती भरली, आणि मी टोप उचलला. कॉम्प्रेसरवरचा माणूसही काम सोडून बघायला आला होता. नानांनी टोप माझ्या हातातून काढून घेतला.

"नाना, नियम..."

"नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"आणणाऱ्यावर भरवसा नव्हता म्हणून केला." त्यांनी टोप डोक्यावर चढवला. आतून आवाज घुमत आला, "भांड्यापाशी जा. हवा सोड."

मी हवा सोडली. एक हात कॉकवर, दुसरा तळवा पाइपावर. त्यांनी पाइप तपासला नव्हता. टोकं बघितली नव्हती, दाबून पाहिला नव्हता. मी पसंत केलेल्या पाइपाचं तोंड हातात धरून ते पत्र्याकडं वळले आणि त्यांची पाठ माझ्याकडं झाली. आजवर माझं कौतुक करणारी माणसं मला थोडीफार भेटली. माझ्याकडं अशी पाठ करून कुणी उभं राहिलं नाही. दिवसभर त्यांचा डावा हात वर गेला तो फक्त जेवणाच्या सुट्टीला.

आता नुसती रेती मारत नाहीत. तिची धूळ छातीत बसते, हे पुढं सगळ्यांना कळलं. नानांना त्यांच्या खोकल्यानं आधीच कळवलं होतं. त्यांचा टोप कॅनव्हासचा होता आणि आमच्या कुणाच्या छातीची काळजी कुणी केली नव्हती. हे लिहायचं टाळणार होतो, पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर हेही त्यांचंच आहे.

त्या संध्याकाळी टोप काढून त्यांनी पाइपावरून टोकापासून टोकापर्यंत तळवा फिरवला. म्हणाले, "आवाज ऐकलास?"

"ऐकला."

"कसा होता?"

मी थोडी रेती मुठीतून सोडून पाहिली. मग म्हणालो, "काकी सुपातून तांदूळ डब्यात सोडतात, तसा."

"घरी जाऊन तिला सांग."

मी सांगितलं. काकी भाकरी थापत होती. "म्हंजे पाइप नीट जेवला म्हणायचा," ती म्हणाली. मग फळीवरची तिच्या वाटणीची बाटली काढली. तळाला बोटभर जवसाचं तेल उरलं होतं. ते तिनं इतके दिवस पुरवून ठेवलं होतं. बाटली माझ्या भाकरीवर उपडी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबली.

"हे हितं लावतात," म्हणाली.